खाऱ्या वाऱ्यातली जुनी फियाट: काय बिघडतं, काय करायचं, किती पैसे लागतात

माझी पहिली पद्मिनी मी मुंबईहून आणली ती निव्वळ रंगावर भाळून. क्रीम रंग, चकचकीत बंपर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा हँडगिअर, सेल मारला की पहिल्या फटक्यात चालू. देवगडला आणली आणि एक पावसाळा अंगणातल्या शेडमध्ये काढला. ऑक्टोबरात मागचं चाक पंक्चर झालं म्हणून जॅक लावला, तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात आत गेला. दाराखालचा अख्खा पट्टा पुटीने, म्हणजे खड्डे बुजवायच्या लेपाने, भरलेला होता. इंजिन मात्र तेव्हाही एका सेलला चालू होत होतं.

कोकणात जुनी गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. दुसऱ्या क्रमांकाचं कारण म्हणजे ती बसून राहते. आमचे कुडाळचे मिस्त्री म्हणतात, "चलान गाडी कुसना नाय, बसान कुसता." बहुतेक हौशी लोक याच्या उलट वागतात. इंजिन खोलून बांधून घेतात, सीटला नवं रेक्झिन लावतात, आणि खालून गाडी बघायची राहून जाते.

पुढे जे लिहिलंय ते फियाट अकराशे आणि प्रीमियर पद्मिनी डोळ्यांसमोर ठेवून. १०८९ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, मागच्या चाकांना ओढ, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. तुमच्याकडे अँबॅसेडर असेल तरी बरंचसं लागू पडेल. गोल पाठीची जुनी 'डुक्कर फियाट' असेल तर कामं हीच, पण बॉडीचे भाग शोधायला दुप्पट चपला झिजवाव्या लागतील.

घेण्याआधी: गुडघे टेकून बघा

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. त्यामुळे खालचा पत्रा गंजला म्हणजे गाडीचा कणाच गेला. बघायला जाताना जुनी पँट, टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा.

आधी लोहचुंबक फिरवा. दाराखालचे पट्टे, चारही चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ. जिथे चुंबक धरत नाही तिथे पुटी आहे. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भदभद. मॅट उचलून पायाखालचा पत्रा बघा. रबरी मॅटखाली जाड स्पंज असेल तर तो ओला आहे का, ते हाताने दाबून पाहा. बॅटरीच्या ट्रेखाली आणि पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत टॉर्च मारा. काचेचं रबर कडक झालं की पाणी तिथूनच डॅशबोर्डमागे उतरतं आणि पायाशी साठतं.

शेवटची परीक्षा जॅकची. मालकाच्या परवानगीने एका बाजूला जॅक लावा आणि गाडी थोडी उचला. आता त्याच बाजूची दारं उघडून बंद करा. दार अडकायला लागलं, किंवा दार आणि खांबामधली फट बदलली, तर बॉडी वाकतेय. अशी गाडी फुकट मिळाली तरी महाग.

इंजिनाचं त्या मानाने सोपं. गार असतानाच चालू करायला सांगा; तुम्ही पोचण्याआधी तापवून ठेवली असेल तर कारण विचारा. निळा धूर म्हणजे रिंग-पिस्टन किंवा व्हॉल्व्हचे गाइड. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा साका दिसला तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीची, शंका घ्यायची. पण पावसाळ्यात गाडी नुसती बाजारापर्यंत फिरत असेल, तरी वाफ धरून असा साका येतो. म्हणून सोबत रेडिएटरमध्येही बघा. इंजिन चालू असताना पाण्यात बुडबुडे येत राहिले, तर मात्र गॅस्केटच. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचा. एकदा गाडी जोरात तापली की हेड वाकतं.

गाडी पूर्वी टॅक्सी होती का, हेही बघा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या बंद झाल्या, पण त्याआधी बऱ्याच टॅक्सी खाजगी होऊन रंग बदलून विकल्या गेल्यात. बऱ्याच टॅक्सी वर्षानुवर्षं सीएनजीवर धावल्या, आणि कोरड्या गॅसवर व्हॉल्व्हच्या सीटा झिजतात. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते, मोजूनच घ्या.

कागद

कुठल्याही खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेनंतर २० वर्षांवरच्या मोटारीला या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते, तेव्हा चासी नंबर वाचता आला पाहिजे. आपल्याकडे नेमका त्याच ठिकाणी गंज असतो. तिथे ग्राइंडर लावू नका, तारेच्या ब्रशने हळू साफ करा आणि वर पारदर्शक लाखेचा हात मारा.

'व्हिंटेज' नोंदणीबद्दल गैरसमज फार आहेत. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. पुढे दर ५ वर्षांना ५,०००. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण मग ती गाडी रोज बाजारात नेता येत नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आलं, म्हणजे बहुतेक पद्मिनी अजून त्या वयाच्या नाहीतच. गाडी फिरवायची असेल तर साधी नोंदणीच बरी.

थर्ड पार्टी विमा १००० ते १५०० सीसीच्या गटात बसतो: ३,४१६ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४,०३१.

पहिलं काम: पत्रा

गंज फक्त पावसाने येतो असं वाटतं, पण किनाऱ्यावर मीठ हा खरा शत्रू. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्र्यावर ओलसर थर राहतो. त्यात आपली तांबडी माती. चाकांच्या कमानीत आणि दाराखालच्या पट्ट्यांत ती चिखल होऊन बसते, पाणी निचरायची भोकं बुजतात, आणि बंद पेटीसारखा तो पट्टा आतून भिजत राहतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आत काही उरलेलं नसतं.

टिनकाम करून घेताना या गोष्टींवर हट्ट धरा. गंजावर तुकडा चिकटवायचा नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं. एका वेळी एकच बाजू कापायची, आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टीचा आधार वेल्ड करून घ्यायचा. नाहीतर बॉडी मधून बसते आणि दारं जन्मभर रुसतात. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी उतरवा. नवीन तुकड्याला दोन्ही बाजूंनी झिंकवाला प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि सगळं वाळल्यावर पट्ट्यांच्या पोकळीत मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स नळीने मारायचं. ही शेवटची पायरी गॅरेजवाले हमखास गाळतात, कारण ती दिसत नाही. समोर उभं राहून करून घ्या.

रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. दमट हवेत मारलेला रंग पांढरट, धुरकट पडतो. गणपतीआधी गाडी रंगवून हवी म्हणून जुलैत घाई करणारे दोघेजण माझ्या ओळखीचे आहेत. दोघांनीही पुन्हा रंगवली.

खालून काय मारायचं यावर प्रत्येकाचं आपलं मत असतं. जळकं इंजिन ऑइल फासणारे पुष्कळ. ते गंज रोखतं हे खरं, पण रबरी बुश फुगवतं आणि धूळ धरतं. एका खलाशी मित्राने होडीला चोपडतात ते काजूच्या टरफलांचं तेल सुचवलं होतं. ते लाकडाला उत्तम, पण अंगाला लागलं तर बिब्ब्यासारखं उततं. पुढे कधी वेल्डिंग करायचं झालं तर मिस्त्री तुमच्या नावाने खडे फोडेल. मी डांबरी कोटिंगही टाळतो: ते तडकलं की खाली पाणी शिरतं आणि वरून सगळं काळं-चकचकीतच दिसत राहतं. मेणाचं कोटिंग दर वर्षी लावावं लागतं, पण त्यातून पत्रा दिसतो. मला तेच पटतं.

पहिल्या महिन्यात: ब्रेक, पेट्रोलची वाट, पाणी, वायरिंग

गाडी कितीही चांगली दिसो, ब्रेक संपूर्ण उघडून बघा. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज, लोखंडी पाइप. आतली रबरं नवीन घाला. जुन्या स्टॉकमधली सीलबंद पुडी मिळाली म्हणून हरखू नका; रबर पुडीतही म्हातारं होतं. धातूचा सुटा भाग जुना चालतो, ब्रेकचं रबर नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडा असताना निदान २०५ अंश, आणि पाणी शोषल्यावर १४० च्या आसपास येतो. पुस्तकात दोन वर्षांनी बदला म्हणतात. आपल्या हवेत दर ऑक्टोबरात बदलायचं.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि या गाड्या बनल्या तेव्हा इथेनॉलचा विचारच नव्हता. रबरी नळ्या मऊ पडतात, पंपाचा पडदा जातो, टाकीतला जुना राळेसारखा थर सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकतो. वर इथेनॉल पाणी ओढतं; ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून सगळ्या नळ्या व्हायटॉन रबराच्या घ्या, पंपाला इथेनॉल सोसणारा पडदा बसवा, आणि पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावा. पहिले काही महिने त्यात तांबडा गाळ दिसेल, तो बघून बदलत राहा. गाडी चढावर धापा टाकत असेल आणि प्लग पांढरे पडत असतील तर मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मुख्य जेट एक पायरी मोठं करून बघा.

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी नको. ॲल्युमिनियमचं हेड आतून खातं ते हेच पाणी. जुनं पाणी काढून आतून धुऊन घ्या, मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. थर्मोस्टॅट 'कोकणात लागत नाही' म्हणून काढून टाकलेला सापडेल. तो परत बसवा. इंजिन पुरतं तापलंच नाही तर तेलात पाणी आणि पेट्रोल साठत जातं.

वायरिंगच्या नव्वद टक्के तक्रारी अर्थिंगच्या निघतात, हा माझा अनुभव. हेडलाइट मंद, हॉर्न घसा बसल्यासारखा, इंडिकेटर दिला की डॅशबोर्ड लुकलुकतो. नवीन बॅटरी घ्यायच्या आधी बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन या दोन जाड पट्ट्या सोडा, टोकं पॉलिश पेपरने घासा, घट्ट कसा, वर पेट्रोलियम जेली. फ्यूज बॉक्सच्या पितळी पट्ट्यांना तसंच करा. इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास मिळाले की चार्जिंग ठीक.

आणि ग्रीस. पुढची चाकं ज्या खिळ्यांवर वळतात त्या किंगपिनला ग्रीस भरायचे निपल असतात. तिथे दर हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीसगन लावली, तर किंगपिन वर्षानुवर्षं जातात. नाही लावली तर बदलायची वेळ येते, आणि गंजलेला किंगपिन काढणं म्हणजे मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार.

वर्षाचं वेळापत्रक पावसाभोवती फिरतं

मे महिन्यात: पट्ट्यांची आणि दारांची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. वायपर, काचेची रबरं बघा. खालून मेणाचा हात द्या. टाकी भरून ठेवा. मोकळ्या टाकीत ओली हवा, ओल्या हवेत गंज.

गाडी कुठे ठेवायची? जांभ्याच्या भिंती आणि कौलं असलेली, दोन बाजूंनी वारा खेळणारी जागा सगळ्यात बरी. मातीची जमीन असेल तर जाड प्लास्टिक अंथरून वर चिरे किंवा फरशा टाका, म्हणजे खालची ओल वर येत नाही. प्लास्टिकची ताडपत्री गाडीला लपेटू नका. आत घाम येतो आणि चार महिन्यांत जे व्हायचं ते चार आठवड्यांत होतं. सुती कापडाचं आवरण, तेही छपराखालीच. आंब्याखाली गाडी लावली तर चीक रंग खातो. माडाखाली का लावायची नाही, ते सांगायला हवं का?

जून ते सप्टेंबर: हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकांना दगड लावा. आठवड्यातून एकदा, पाऊस उघडला की, पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. अंगणात उभी करून दहा मिनिटं 'चालू करून ठेवणं' याचा उपयोग नाही; उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून सडतो. घरी आल्यावर बॉनेट थोडा वेळ उघडं ठेवा. उंदरांना गरम इंजिनाशेजारची वायर फार आवडते, तेव्हा आठवड्याची फेरी ही त्यांच्या घरट्याची झडतीही असते. कुंभारीण माशीवर डोळा ठेवा: टाकीच्या हवेच्या बारीक नळीत तिने मातीचं घर केलं की गाडी पाच किलोमीटर चालते आणि बंद पडते. टाकीचं झाकण उघडलं की हवा आत शिरल्याचा 'फुस्स' आवाज येतो आणि गाडी परत चालू होते. हा बिघाड शोधायला मला तीन रविवार लागले होते.

चार महिने गाडी चालवणं शक्यच नसेल, मुंबईत नोकरी असेल, तर उलट करा. पडून राहिलेलं इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढत बसतं, म्हणून टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करा, बॅटरी काढून घरात ठेवा, प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घाला, गाडी स्टँडवर उचलून ठेवा.

ऑक्टोबरात: इंजिन ऑइल बदला, गाडी किती चालली ते न बघता. २०डब्ल्यू-५० चं साधं खनिज तेल, किती भरायचं ते डिपस्टिकवरच्या खुणेवरून. ब्रेक ऑइल. पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क) उघडून त्यांवरची पांढरी बुरशी काढा, फट साधारण ०.४ मिलिमीटर. गाडी मिसिंग करत असेल तर आधी कंडेन्सर बदला, मग कार्ब्युरेटरला हात लावा. लोक उलट करतात आणि चांगला कार्ब्युरेटर बिघडवून ठेवतात. प्लगच्या वायरी काढल्याच असतील तर ठिणगीचा क्रम १-३-४-२. आणि गोड्या पाण्याने खालून कसून धुवा. फेब्रुवारीनंतर विहीर तळाला गेली की घरचे गाडीसाठी पाणी देत नाहीत.

पुळणीवर फोटोसाठी गाडी नेऊ नका. ओल्या वाळूत चाक फिरलं की खारं पाणी ड्रमच्या आत, पाट्यांच्या मधे, सगळीकडे जातं, आणि ते धुऊन निघत नाही.

घाट

कोल्हापूरला जायला करूळ, फोंडा किंवा आंबा, कुठला तरी घाट चढावाच लागतो. जावंही लागतं, कारण बोअर मारणं, हेडचं तोंड प्लेन करणं, क्रँक घासणं ही कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरात जशी होतात तशी किनाऱ्यावर होत नाहीत.

चढताना तापमानाचा काटा वर सरकला तर गिअर उतरवा. जड पायाने वरच्या गिअरात ओढत नेलं की पंखा हळू फिरतो आणि गाडी उकळते. थांबलात तर लगेच इंजिन बंद करू नका, दोन मिनिटं चालू ठेवा, आणि रेडिएटरचं झाकण अर्धा तास उघडू नका. एप्रिल-मेमध्ये चढावर थांबल्यावर गाडी परत चालू होत नसेल तर पेट्रोल पंपातच वाफ झालीय. पंपावर ओलं फडकं टाका, वाट बघा. नुसता सेल मारत बसाल तर बॅटरीही जाईल.

उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने. ड्रम तापले की ब्रेक धरत नाही, आणि जुन्या गाड्यांत ब्रेकची लाइन एकच असते. एक पाइप फुटला तर चारही चाकं मोकळी. पाण्यातून गाडी काढली असेल तर पुढे थोडा वेळ हलका ब्रेक दाबत चालवा, म्हणजे शू सुकतात.

हँडगिअर मध्येच अडकला तर घाबरू नका. दांड्यांचे बुश झिजले की दोन गिअर एकदम धरले जातात. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाशी असलेले दोन्ही लिव्हर हाताने एका रेषेत आणा. गिअर सुटतो. बुश मात्र घरी गेल्यावर बदलाच.

डिकीत कायम: पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, दोन प्लग, फ्यूज, पेट्रोलची मीटरभर नळी आणि क्लिपा, पाच लिटर पाणी.

खर्च

हे आकडे माझ्या वहीतले, गेल्या काही वर्षांतले आणि ढोबळ आहेत. तुमच्या मिस्त्रीप्रमाणे ते वरखाली होतील.

एकदाच होणारा खर्च: दोन्ही बाजूंचे पट्टे आणि पायाखालचा पत्रा ४० ते ८० हजार. संपूर्ण रंग ६० हजारांपासून लाखाच्या पुढे. इंजिन बोअर करून बांधणं ४० ते ६० हजार. ब्रेकचं सगळं काम १० हजारांच्या आसपास. रेडिएटरचा नवा गाभा ६ ते ८ हजार. वायरिंग नवं टाकलं तर साहित्य-मजुरी धरून १२ ते १५ हजार. टायर ५.२०-१४ मापाचे, मिळतात, पण सांगून ठेवावे लागतात.

दर वर्षीचा: विमा ४ हजार, तेल-फिल्टर-ब्रेक ऑइल ३ हजार, पॉइंट-प्लग-बेल्ट-नळ्या दीड हजार, मेणाचं कोटिंग ३ हजार, किरकोळ मजुरी ५ हजार. बॅटरी, टायर आणि नोंदणी नूतनीकरण वर्षांत वाटून टाकलं तर आणखी ६ हजार. म्हणजे काही न बिघडता २२-२३ हजार. पेट्रोल वेगळं, घाट धरून लिटरला ११-१२ किलोमीटर.

सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ला आणि चोरबाजार अजूनही उपयोगी. टॅक्सी भंगारात गेल्या तेव्हा माल मुबलक होता, आता आटत चाललाय. मिळतील तेव्हा घेऊन ठेवायच्या वस्तू म्हणजे दिवे, काचा, दारांचे हँडल, हँडगिअरचे भाग. क्लच, बेअरिंग, पॉइंट यांची घाई नको, ते तालुक्याच्या दुकानातही मिळून जातात.

वर्षाच्या खर्चाशिवाय मी आणखी दहा हजार बाजूला ठेवतो, फक्त पत्र्यासाठी. गेल्या मे महिन्यात ते मागच्या डाव्या कमानीवर गेले. यंदा उजवीवर फोड आलाय, रुपयाच्या नाण्याएवढा. मिस्त्रींनी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे.